बंदिशाळेंतील शास्त्रपाठ

जुबिलीचें स्मरणपुस्तक म्हटलें म्हणजे देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली आणि कोणकोण धर्मगुरु होऊन गेले, ह्या गोष्टी त्यांत असावयाच्याच. त्या ह्या पुस्तकांत अन्यत्र आल्या आहेत. आम्ही मात्र वाचकांस जेथें घंटा नाहीं व वेदीहि नाहीं अशा स्थळीं नेऊं इच्छितों. जुबिलीचा व बंधमुक्तीचा संबंध फार जुना आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षीं दास्यांत पडलेल्यांस मोकळें करण्याची आज्ञा आहे. नासरेथच्या सभास्थानांत प्रभूनें यशयाच्या ग्रंथांतून जो भाग वाचला, त्यांतहि बंदिवानांच्या सुटकेचीच घोषणा आहे. हेंच सूत्र धरून पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२४ सालीं डिसेंबरच्या २६ तारखेस जुबिली वर्षाचें एक पवित्र द्वार रोममधील रेबिब्बिया तुरुंगांत उघडलें.

तरीहि आमच्या भाविक मंडळींत असा एक समज रूढ आहे, कीं तुरुंगांत जाऊन शास्त्रपाठ घेणें म्हणजे बाहेरच्या सज्जनांनीं आंतल्या पतितांस घातलेली भिक्षा होय. ह्या कामासाठीं कोणी मागावयास गेलें तर मंडळी कपडे देतात, पैसेहि देतात, परंतु स्वतः येण्यास कचरतात. आणि त्या लोकांना शास्त्र काय कळणार, हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्यांनीं आपल्याच हातांतील नवा करार उघडून पाहावा. फिलिप्पै येथें संत पौल व सीला खोड्यांत पाय अडकलेले असतां मध्यरात्रीं प्रार्थना करीत व स्तोत्रें गात होते, आणि इतर बंदिवान कान देऊन ऐकत होते. रोममध्यें पौल शिपायाच्या पहाऱ्याखालीं पुरीं दोन वर्षें राहिला व येईल त्यास शिकवीत राहिला. फिलिप्पैकरांस व फिलेमोनास त्यानें पाठविलेलीं पत्रें बेड्यांतून लिहिलेलीं आहेत. जें शास्त्र आपण तुरुंगांत नेऊं म्हणतों, त्याचा कांहीं भाग तेथूनच आपणांकडे आलेला आहे.

ह्याहून बोलका दाखला कार्थेज नगरींतील आहे. इसवी सन २०३ मध्यें तेथें कांहीं दीक्षार्थी पकडले गेले. त्यांत पर्पेतुआ नांवाची सुमारें बावीस वर्षांची कुलीन स्त्री होती, तिचें अंगावर पिणारें मूल होतें. फेलिसिता ही दासी गरोदर होती, आणि रेवोकातुस हाहि दासच होता. बाहेर ज्यांना एका पंक्तीस कोणीं बसूं दिलें नसतें, तीं येथें एका वर्गांत बसलीं. त्यांचा शिक्षक सातुरुस धरपकडीच्या वेळीं तेथें नव्हता. तो सहज वांचला असता. परंतु ज्यांस आपण श्रद्धेचे धडे दिले तीं आंत आणि आपण बाहेर, हें त्याला सोसवेना; तो आपण होऊन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला. आमच्या मतें बंदिशाळेंत शास्त्र शिकवूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें पौलानंतर ह्याच माणसाचें चरित्र वाचावें. दुर्दैवानें पर्पेतुआचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें, सातुरुसाचें क्वचितच.

तुरुंगांतील अंधार, उकाडा व दाटी ह्यांचें वर्णन पर्पेतुआनें स्वतः लिहून ठेवलें आहे. दोन उपयाजकांनीं पहारेकऱ्यांस पैसे चारून ह्या मंडळीस कांहीं तास बऱ्या जागीं बसूं देण्याची व्यवस्था केली, हेंहि तिनें लपविलेलें नाहीं. पुदेन्स नांवाचा तुरुंगाधिकारी त्यांचें वर्तन पाहून प्रथम आदर करूं लागला व पुढें स्वतः श्रद्धावंत झाला. मार्चच्या ७ तारखेस त्यांना श्वापदांपुढें सोडण्यांत आलें. त्या बंदिवानांचा वृत्तान्त आफ्रिकेंतील ख्रिस्तमंडळींत इतक्या आदरानें वाचला जाई, कीं तो प्रमाण शास्त्रग्रंथांपैकीं नव्हे असें संत ऑगस्तीनास मुद्दाम लिहावें लागलें!

आतां अगदीं आपल्या काळाकडे येऊं. व्हिएतनाममधील आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन ह्यांस १९७५ सालीं ऑगस्टच्या १५ तारखेस, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीं, अटक झाली. तेरा वर्षें ते बंदींत होते. त्यांपैकीं नऊ वर्षें एकांतकोठडींत. बायबल जवळ नव्हतें. त्यांनीं मिळतील ते कागदाचे तुकडे जमवून एक चिमुकली वही केली आणि तींत शुभवर्तमानांतील तीनशेंहून अधिक वचनें आठवून लिहिलीं. छावणींत पन्नास पन्नास बंदिवानांचे गट होते. रात्रीं साडेनऊला दिवे मालवले, कीं ते अंथरुणावर वांकून हाताच्या तळव्यावर द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब घेऊन मिस्सा अर्पीत. तो द्राक्षारस पोटाच्या विकाराचें औषध म्हणून बाहेरून आलेला असे. मच्छरदाणीखालून ख्रिस्तशरीर हातोहात दिलें जाई. शुक्रवारीं राजकीय शिकवणीचा सक्तीचा वर्ग भरे. त्याच्या मधल्या सुटींत सिगारेटच्या कागदाच्या पुड्यांतून तें इतर गटांस पोंचे. ज्या वर्गानें श्रद्धा पुसावयाची, त्याच्याच सुटींत तिचा प्रसार झाला. १९८८ सालीं नोव्हेंबरच्या २१ तारखेस त्यांची सुटका झाली. पुढें ते कार्डिनल झाले व २००२ सालीं रोममध्यें निवर्तले.

बाहेरून जाणाऱ्यांचेंहि कार्य थोर आहे. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर पंथाची स्त्री १८१३ सालीं लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत प्रथम गेली व पुढें तेथील स्त्रियांस बायबल वाचून दाखवूं लागली. तिचें वाचन पाहावयास शहरांतील बडी मंडळी येऊं लागली, हें मात्र आम्हांस रुचत नाहीं. बंदिवान हें प्रदर्शन नव्हे. आपल्या महाराष्ट्रांत १९३२ सालीं धुळें तुरुंगांत विनोबा भावे ह्यांनीं गीतेवर अठरा प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. शास्त्र निराळें, परंतु सांगणारा व ऐकणारे एकाच गजांआड होते.

भारतांत ह्या कामासाठीं कॅथलिक संघटना १९८१ सालीं केरळांत उभी राहिली. आमच्या धर्मग्रामांतून जे जाऊं इच्छितील त्यांनीं दोन गोष्टी ध्यानीं धराव्या. २०२२ सालच्या सरकारी मोजणीप्रमाणें आपल्या देशांतील बंदिवानांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश लोकांचा खटला अद्याप निकालांत निघालेला नव्हता. म्हणून कोणाचा गुन्हा विचारूं नये. आणि या आठवड्यास बसलेला माणूस पुढच्या आठवड्यास जामिनावर सुटलेला किंवा अन्यत्र हलविलेला असूं शकतो, यास्तव प्रत्येक पाठ त्या दिवशींच पुरा व्हावा. आरंभ फिलेमोनास पाठविलेल्या पत्रानें करावा. तें अवघें पंचवीस वचनांचें आहे. बेड्यांतील एक माणूस अनेसिम ह्या दासाला परत घरीं घ्यावें म्हणून त्याच्या धन्यापाशीं रदबदली करतो, व त्याचें कांहीं देणें असल्यास आपल्या नांवीं मांडावयास सांगतो. धन्यानें त्यास घरांत घेतलें कीं नाहीं, हें पत्रांत नाहीं. तो प्रश्न मंडळीपुढें ठेवावा आणि वेळ संपेपर्यंत त्यांनाच बोलूं द्यावें.