परतणे : वऱ्हाडातील एका क्रियापदाची हकिकत

अमरावतीच्या एखाद्या गजबजलेल्या चौकात संध्याकाळी उभे राहिले, तर चायनीजच्या गाडीवरील कढईचा खणखणाट दुरूनच ऐकू येतो. फरफरणारा निळा जाळ, लांब व बारीक चिरलेली पत्ताकोबी, गाजर, ढोबळी मिरची, आणि तीन-चार मिनिटांत ताटलीत पडणारी, अर्धवट कच्ची, दातांखाली करकरणारी भाजी. अकोल्यातही हेच दृश्य. गेल्या काही वर्षांत ही भाजी घरांतही शिरली आहे. पाककृती सांगणारी मंडळी तिला 'आशियाई पद्धतीची स्टर-फ्राय' म्हणतात आणि झटपट होणारे तोंडी लावणे म्हणून तिची शिफारस करतात. त्यातले 'आशियाई' हे विशेषण वाचून आम्हांला जरा गंमत वाटली. वऱ्हाड आशियात नसून कोठे आहे? पण गमतीपलीकडे जाऊन पाहिले तेव्हा ध्यानात आले, की या एका नावामागे आपल्या पाकवाङ्मयाची आणि काही अंशी आपल्या सामाजिक स्मृतीचीही एक जुनी गैरसोय दडलेली आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'स्टर-फ्राय' हा शब्द इंग्रजीतही फारसा जुना नाही. बुवेइ यांग चाओ या पेशाने डॉक्टर असलेल्या चिनी बाईंचे चिनी स्वयंपाकावरील इंग्रजी पुस्तक १९४५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांचे पती युएन रेन चाओ हे नामवंत भाषाशास्त्रज्ञ, आणि पुस्तकाच्या इंग्रजीवर त्यांचा व त्यांच्या मुलीचा हात फिरलेला. चिनी भाषेतील 'छाओ' या क्रियेला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द सापडेना, म्हणून ढवळणे आणि तळणे या अर्थांची दोन क्रियापदे जोडून या कुटुंबाने एक नवे क्रियापद घडवले. म्हणजे हा शब्द भाषांतराच्या अडचणीतून जन्मला.

ही अडचण मराठीला कधी पडलीच नसती. आपल्याकडे ढवळणे वेगळे, हलवणे वेगळे, तळणे, भाजणे, होरपळवणे वेगळे. आणि या साऱ्यांहून वेगळे परतणे. थोड्या तापल्या तेलात जिन्नस टाकून त्याची तळाची बाजू वर आणि वरची बाजू तळाला, असे सतत करीत राहणे म्हणजे परतणे. बाहेरगावी गेलेला माणूस घरी परततो आणि कढईतली भाजी परतली जाते, या दोन्हींसाठी भाषेने एकच धातू वापरावा, यात मोठी नेमकी दृष्टी आहे. 'छाओ'चे मराठी भाषांतर करणाऱ्याला नवा शब्द घडवण्याची गरज नव्हती. तो शेजारच्या स्वयंपाकघरात तयार होता.

मग आज मराठीतच 'स्टर-फ्राय' का लिहिले जाते? आमचे उत्तर असे, की मराठी पाकशास्त्रात परतणे ही एक पायरी राहिली, पदार्थ कधी झाली नाही. कांदा गुलाबी होईस्तोवर परतावा, मसाला तेल सुटेपर्यंत परतावा, आणि मग पुढचे वाक्य सुरू. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर परतणे नेहमी गौण वाक्यात आले. शीर्षकात त्याला जागा मिळाली नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. हे तिन्ही ग्रंथ मोलाचे, आणि मराठी गद्याच्या अभ्यासकांनीही ते वाचावेत असेच. पण त्यांच्यामागे उभा असलेला स्वयंपाक मुख्यतः पश्चिमेकडच्या पांढरपेशा घरांचा आहे. खोबरे हाताशी असलेल्या, सणवार आणि पाहुणचार गृहीत धरणाऱ्या घरांचा. सकाळी निंदणीला जाण्यापूर्वी पाच मिनिटांत उरकलेली भाजी त्या जगात पाककृती ठरण्याइतकी मोठी नव्हती.

वऱ्हाडात मात्र हीच भाजी मोठी होती, कारण ती रोजची होती. तिच्या मागे तीन टंचाया उभ्या आहेत असे आम्हांला वाटते : सरपण, पाणी आणि वेळ.

सरपणाची गोष्ट कापसाशी बांधलेली आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लागले. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचला. सर आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० साली निघाले. अशा ग्रंथांतून कापसाची मोजदाद होते. त्या कापसाच्या झाडाचे पुढे काय होते, हे सांगण्याची त्यांना गरज नसते. ते चुलीत जाते. मेळघाटचे जंगल उत्तरेला, आणि त्यावर सरकारी वनखात्याचा पहारा. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात, म्हणजे पयनघाटात, झाडे विरळ. तेव्हा वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या हेच घराघरांचे सरपण. पऱ्हाटी बाभळीच्या ओंडक्यासारखी निवांत जळत नाही. ती भडकते, मोठा जाळ देते आणि पाहता पाहता विझते. या जाळावर मंद शिजणारा पदार्थ करायचा म्हणजे सारखे पुढे सरपण सारीत बसावे लागते. लोखंडी कढईत तेल कडकडीत तापवून भाजी परतायला मात्र तो जाळ अगदी जोगा.

चिनी 'छाओ'चे कारणही पुष्कळदा इंधनाच्या टंचाईत शोधले जाते. ते एकमेव कारण नसावे. ही क्रिया सहाव्या शतकातील 'छीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात अंड्यांच्या संदर्भात सापडते, पण तिचा प्रसार सावकाश, पुढच्या काही शतकांत झालेला दिसतो. त्यात पातळ लोखंडी भांडे, तेलाची उपलब्धता आणि शहरी खाणावळी यांचाही वाटा होता. तरी गवत आणि काटक्या जाळणाऱ्या दोन दूरच्या प्रदेशांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती शोधावी, यात आश्चर्य नाही.

पाण्याची टंचाई अधिक वऱ्हाडी आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. गोडे पाणी दुरून डोक्यावर आणायचे आणि जपून वापरायचे. परतलेल्या भाजीला पाण्याचा थेंबही लागत नाही. भाजीचे अंगचे पाणी पुरते. हे आमचे अनुमान आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. पण आमच्यापैकी एकीची आजी दर्यापूरकडच्या खेड्यातली. बरबटीच्या शेंगा किंवा पत्ताकोबी करताना ती सुनेच्या हातातले झाकण काढून घेई आणि म्हणे, "झाकन नोको ठेवू वं माय, पानी सुटते अन् भाजीचा लगदा होते." तिची रीत साधी होती. कढई आधी तापवायची, मग तेल. मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. त्यावर कोरडी करून घेतलेली भाजी, तीही थोडी थोडी. मग सराटा थांबू द्यायचा नाही. मीठ अगदी शेवटी, वरून चिमूटभर सांभार. (वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठी : सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि सराटा म्हणजे उलथणे.)

आजीचे शास्त्र तंतोतंत बरोबर होते. झाकणाखाली वाफ कोंडते, तेलाची धग उतरते आणि परतणे संपून उकडणे सुरू होते. भाजीतून निघणारी आम्ल द्रव्ये वाफेबरोबर निघून न जाता परत भाजीतच मुरतात, त्यामुळे हिरवा रंग मळकट होतो. पत्ताकोबी फार वेळ शिजली, की तिला गंधकाचा वास मारतो. मीठ लवकर घातले तर पाणी लवकर सुटते. पुस्तकी मराठी पाककृतीत 'झाकण ठेवून वाफ काढावी' हे वाक्य जवळजवळ ठरलेले आहे. आजी त्याच्या नेमकी विरुद्ध बाजूस उभी होती.

तिसरी टंचाई वेळेची, आणि येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. आद्य मराठी गद्य या वऱ्हाडच्या मातीतले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्या गद्याला खाण्यापिण्याचे, घरोघरच्या अन्नाचे वावडे नाही. गोविंदप्रभू तर थेट लोकांच्या घरांत शिरत. म्हणजे चुलीजवळची गोष्ट लिहिण्याजोगी आहे, हे मराठी गद्याला आरंभी ठाऊक होते. पुढे त्याचा विसर पडला, तो दीर्घकाळ. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची. वऱ्हाडी बोलीतील संवाद, आणि मोलमजुरी करून संसार ओढणारी कौतिक. कादंबरीला शेळके यांनी दिलेले नाव चुलीजवळ बसलेल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. कौतिकसारख्या बाईचा स्वयंपाक झटपट असतो, कारण तिला उजाडता वेचणीला निघायचे असते. आजच्या पाककृतीतला 'झटपट' हा गुण आहे. तिच्या आयुष्यातला 'झटपट' ही सक्ती होती. दोन्हींना एकच शब्द लावताना आपला हात थोडा अडखळावा, एवढीच आमची अपेक्षा.

मग चायनीजच्या गाडीने नवे असे काय आणले? पुष्कळ काही आणले, ते नाकारण्यात अर्थ नाही. कोलकात्यातील चिनी वस्तीत वाढलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत 'मांचुरियन' घडवले असे सांगितले जाते. तेथून ती चव फूलकोबीवर उतरली आणि पुढे गावोगावच्या गाड्यांवर पोचली. गाडीने भाजीला करकरीतपणा दिला. आपल्याकडे अर्धवट शिजलेली भाजी म्हणजे सुनेची चूक. गाडीवर तीच खुबी ठरली. दुसरे म्हणजे कढई पुरुषाच्या हाती गेली आणि रस्त्यावर आली. घरात जे काम कोणी पाहत नव्हते, ते येथे लोक घोळक्याने उभे राहून पाहतात. क्रिया तीच, पण तिला प्रेक्षक मिळाला, दाम मिळाला आणि नावही मिळाले.

सोया सॉसची बाटली हा या गोष्टीतला सर्वांत चमत्कारिक भाग. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने वऱ्हाडातील ज्वारीची आणि बरीचशी कापसाचीही जमीन व्यापली. ज्या शिवारात हे पीक उभे असते, तेथे ते बहुतेक खाल्ले जात नाही. ते गाडीत भरून बाजार समितीत जाते. त्याचे तेल निघते, ढेप जनावरांना जाते. मग ते तेल पिशवीत भरून आणि सॉस बाटलीत भरून वेगवेगळ्या वाटांनी त्याच गावात परत येतात. जवसाच्या आणि करडीच्या तेलाचा वास आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरला आहे.

पऱ्हाटीही चुलीवरून उतरली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचे सिलिंडर खेड्यांत पोचले. ते भरून आणणे परवडते का, हा निराळा प्रश्न. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात कापसाचा घात केला. अळी सुकलेल्या बोंडांत तग धरते, म्हणून पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवू नयेत असे कृषी खाते आणि विद्यापीठे सांगत असतात. दर्यापूरकडच्या त्या घराच्या मागील अंगणात पूर्वी पऱ्हाट्यांची गंजी असे. आता तेथे मोटारसायकल उभी असते. सून, जी आता स्वतः सासू झाली आहे, गॅसवर पत्ताकोबी परतते. झाकण मात्र अजूनही ठेवत नाही.