चार सरोवरांची भूमी

उजाड झालेली जमीन पूर्ववत करता येते का, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. त्याच्याच पाठीशी दुसरा एक प्रश्न उभा असतो, पण तो क्वचितच ऐकू येतो. पूर्ववत म्हणजे नेमकी कोणाच्या काळी होती तशी? अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील विद्यापीठाला या दोन्ही प्रश्नांना सामोरे जावे लागले. तो इतिहास आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा, म्हणून आम्ही तो येथे मांडीत आहोत.

मॅडिसन शहर चार सरोवरांच्या परिसरात वसलेले आहे. तेथील मूळ रहिवासी हो-चंक लोक या भूमीला ‘डेजोप’, म्हणजे ‘चार सरोवरे’, असे म्हणतात. इसवी सन ७०० ते ११०० च्या सुमारास या प्रदेशातील लोकांनी पक्षी, अस्वल, जलदेवता अशा आकृतींची मातीची टेकाडे रचली. त्यांपैकी अनेकांच्या पोटात माणसांच्या अस्थी विसावलेल्या आहेत आणि हो-चंक लोक त्यांना आपले पूर्वज मानतात. एकेकाळी राज्यात अशी सर्व प्रकारची मिळून पंधरा हजारांहून अधिक टेकाडे होती. नांगर, रस्ते आणि इमारती यांच्या रेट्यात आज सुमारे चार हजार उरली आहेत. त्यांतील काही विद्यापीठाच्या आवारातच आहेत.

१८३२ साली ब्लॅक हॉक युद्धानंतर झालेल्या तहाने हो-चंक लोकांना ही भूमी सोडून देणे भाग पाडले गेले. १८४० साली सैनिकांनी त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले. त्यानंतर आयोवा, मिनेसोटा, डकोटा, नेब्रास्का अशी त्यांची फरफट झाली. शेवटची मोठी हकालपट्टी १८७३-७४ च्या हिवाळ्यात झाली. तरीही दर वेळी काही कुटुंबे पायी चालत आपल्या सरोवरांकडे परतत राहिली. विद्यापीठाची स्थापना १८४८ साली, म्हणजे या हकालपट्ट्या चालू असतानाच झाली.

पुढे विसाव्या शतकात याच विद्यापीठाने एक अपूर्व काम हाती घेतले. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी ‘प्रेअरी’ नावाची उंच गवताची विस्तीर्ण माळराने होती. शेतीखाली ती जवळजवळ नाहीशी झाली. मूळ प्रेअरीचा शंभरातला एक हिस्साही शिल्लक राहिला नाही. १७ जून १९३४ रोजी विद्यापीठाच्या आर्बोरेटमचे, म्हणजे वनस्पतिउद्यानाचे, उद्घाटन झाले. त्या प्रसंगी निसर्गशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी त्याचा हेतू सांगितला. १८४० च्या दशकात आपले पूर्वज येथे आले तेव्हा ही भूमी जशी होती, तसा तिचा एक नमुना पुन्हा उभारायचा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लिओपोल्ड हे थोर विचारवंत होते. भूमीशी माणसाचे नाते नैतिक असते, हे त्यांनीच अमेरिकेला शिकवले. परंतु ‘आपले पूर्वज’ या दोन शब्दांत त्या भूमीचा इतिहास गोऱ्या वसाहतकारांपासून सुरू झाला आणि त्याच दशकात हाकलली गेलेली माणसे त्या चित्रातून गळाली.

काम मात्र निष्ठेने झाले. मंदीच्या काळात सरकारने रोजगारासाठी नेमलेल्या तरुणांनी १९३५ नंतर जुन्या चराऊ जमिनीवर प्रेअरीच्या गवताची ढेपळे आणि बियाणे आणून लावले. आज ‘कर्टिस प्रेअरी’ या नावाने ओळखले जाणारे हे सुमारे ७० एकरांचे माळरान जगातील सर्वांत जुनी पुनरुज्जीवित प्रेअरी मानली जाते. पण युरोपातून आलेले गवत लावलेल्या रोपांना मागे सारीत होते. १९४० च्या दशकात जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले की, ठरावीक काळाने आग लावल्यास प्रेअरी तगून राहते. तिच्या गवताची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात आणि वाढीचा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो. आगीत परके गवत आणि झाडांची रोपे जळतात, माती ऊब धरते आणि जुने मूळ नव्या जोमाने फुटते.

शास्त्रज्ञांना प्रयोगाने उमगलेली ही गोष्ट त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या नित्याच्या व्यवहारातली होती. शिकारीसाठी, वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून आणि कोवळा चारा उगवावा म्हणून ते शतकानुशतके गवताला आग लावीत आले होते. ज्या प्रेअरीला निसर्गाची निर्मिती समजून पुन्हा उभारले जात होते, तिच्यात माणसाचा हातही मिसळलेला होता. माणसे गेली तशी आगही विझली, आणि आगीमागोमाग गवतही गेले.

ही जाणीव विद्यापीठाच्या सार्वजनिक जीवनात यायला फार वेळ लागला. जून २०१९ मध्ये आवारात एका फलकाचे अनावरण झाले. सक्तीचा तह आणि त्यानंतरचा वंशविच्छेद यांचा त्यावर स्पष्ट उल्लेख आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवर हो-चंक राष्ट्राचा ध्वज प्रथमच फडकला. टेकाडांच्या वाटेने लोकांना हिंडवून मूळ रहिवाशांचा इतिहास सांगणाऱ्या सहली निघू लागल्या. माळरानावर बिया वेचायला आणि उपरी झुडपे तोडायला विद्यार्थी व शहरवासी एकत्र येतात. राज्यातील मान्यताप्राप्त ११ आदिवासी राष्ट्रांच्या सदस्य विद्यार्थ्यांचा पदवीपर्यंतचा संपूर्ण खर्च उचलण्याची योजना विद्यापीठाने २०२४ मध्ये सुरू केली. फलकाने जमीन परत मिळत नाही, हे खरेच. परंतु जेथे पूर्वी मौन होते, तेथे सत्य बोलले जाऊ लागले.

या इतिहासात ख्रिस्तसभेचाही संबंध येतो. १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा भूमीवरील पूर्ण मालकी हक्क नाकारला, तो ‘शोधाच्या सिद्धांता’च्या आधारे. ज्या ख्रिस्ती राजाचे लोक भूमी प्रथम शोधतील, तिचा स्वामी तो राजा, असे हा सिद्धांत सांगतो. त्याची मुळे पंधराव्या शतकातील पोपच्या आज्ञापत्रांशी जोडली जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलेली पोर्तुगीज सत्ताही अशाच आज्ञापत्रांचा आधार सांगत होती. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदनाद्वारे हा सिद्धांत नाकारला. त्याआधी २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले होते की, आदिवासींसाठी भूमी ही क्रयवस्तू नसून देवाचे आणि तिच्यात विसावलेल्या पूर्वजांचे देणे आहे. त्यांच्या भूमीविषयी निर्णय घेताना प्रथम त्यांच्याशी संवाद साधावा, असेही पोप महोदयांनी बजावले.

वसुंधरेच्या रक्षणाची भाषा आज आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. मॅडिसनच्या माळरानाकडे पाहताना आम्हांला वाटते, की कोणत्याही भूमीत पहिले रोप लावण्याआधी येथे पूर्वी काय उगवत होते आणि ते कोण जोपासत होते, हे विचारावे. त्या माणसांची नातवंडे हयात असतील, तर आधी त्यांच्या दारी जावे.