परिचारिकेची परीक्षा कोणी घ्यावी?



आपली व्याख्यानमाला भरते ती मोठ्या चमत्कारिक दिवसांत. घरोघरी मुलांच्या परीक्षा नुकत्याच आटोपलेल्या असतात आणि निकाल लागावयाचे असतात. अशा वेळी परीक्षेवर व्याख्यान ठेवणे हा श्रोत्यांवर अन्यायच आहे. पण आजची परीक्षा आपल्या मुलांची नाही. ती आहे अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनरची. या शब्दाला मराठीत अद्याप धड प्रतिशब्द रुळलेला नाही, आणि मीही येथे एखादा घडवीत बसत नाही. अर्थ सांगतो. रोग्याची हकीकत विचारावी, त्याला तपासावे, निदान करावे, औषध लिहून द्यावे ही कामे आपण डॉक्टरची म्हणून ओळखतो. ती करण्याचा अधिकार जिला शिक्षणाने व कायद्याने मिळाला आहे अशी परिचारिका, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. हा अधिकार तिच्या हाती पडण्यापूर्वी तिला एक परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेच्या पोटात सव्वाशे वर्षांहून जुना एक तंटा दडलेला आहे, आणि मला तो सांगावयाचा आहे.

तंट्याचे मूळ लंडनमध्ये आहे. 1860 साली सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा मुली होत्या. शिक्षण एक वर्षाचे. या मुलींची पारख कशी होई, हे पाहण्यासारखे आहे. मेट्रन वॉर्डरोपरबाई दरमहा प्रत्येकीचा एक तक्ता भरीत. त्यात मलमपट्टी, रोग्याला उचलणे-फिरविणे अशा हातच्या कामांचे रकाने होतेच. परंतु त्यांच्या जोडीला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असेही रकाने होते. मुलगी वॉर्डात वावरते कशी, हे रात्रंदिवस पाहणारी बाई तिच्याविषयी निर्णय देई. आपल्याकडे सुनेची पारख सासूने करावी तशातला हा प्रकार. त्यात जे गुण-दोष असतात तेही सगळे यात होते! मेट्रन न्यायी असेल तर मुलीचे कल्याण. नसेल तर दाद मागावी कोठे?

सत्तावीस वर्षांनी, 1887 साली, या पद्धतीविरुद्ध एक बाई उभी राहिली. तिचे नाव एथेल बेडफर्ड फेनविक. वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती सेंट बार्थॉलॉम्यू या जुन्या रुग्णालयाची मेट्रन झाली होती आणि लग्न होताच त्या काळच्या रीतीप्रमाणे नोकरी सोडून घरी आली होती. घरी बसून मात्र राहिली नाही. तिने ब्रिटिश परिचारिकांची संघटना काढली. तिचे म्हणणे सरळ होते. आज कोणीही बाई पांढरी टोपी घालते, स्वतःला नर्स म्हणविते आणि रोग्याच्या घरी जाऊन पैसे घेते. घरच्या माणसांनी ओळखावे कसे, की ही शिकलेली आहे की भोंदू? डॉक्टरांची सरकारी नोंदवही आहे, तशी परिचारिकांची असावी. तीन वर्षांचे शिक्षण, मग सर्वांना एकच परीक्षा, आणि उत्तीर्ण झालेल्यांचीच नावे वहीत.

नाइटिंगेलबाईंनी याला कडकडून विरोध केला. त्या वेळी त्या साठीच्या उंबरठ्याच्या पुढे होत्या आणि बहुतेक काळ आपल्या खोलीत राहून लेखणीने कारभार हाकीत असत. (याच लेखणीने त्यांनी आमच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला होता, हिंदुस्थानातील खेड्यांच्या आरोग्याची त्यांना शेवटपर्यंत तळमळ होती.) त्यांचा मुद्दा टाकाऊ नव्हता, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. कारण पुढे फेनविकबाई जिंकल्या, म्हणून नाइटिंगेलबाईंना जुनाट ठरविण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्या म्हणत, परीक्षा फार तर पुस्तकी ज्ञान मोजील. रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या रोग्याकडे जी उठून जाते आणि जी जात नाही, त्या दोघींना परीक्षकाच्या टेबलापुढे सारखेच गुण मिळतील. आणखी एक, आणि हा त्यांचा खरा बाण होता: आज परीक्षा उतरलेली बाई दहा वर्षांनी कशी असेल, ते नोंदवही सांगणार आहे काय? वहीत नाव एकदा चढले की चढले!

फेनविकबाईंच्या बाजूलाही खोट होती. परिचारिका वरच्या वर्गातल्या घराण्यांतून याव्यात, असे त्यांना मनातून वाटे. फी आणि लेखी परीक्षा यांच्या चाळणीतून गरिबाघरची मुलगी आपोआप गळून पडेल, ही भीती विरोधकांना वाटे, ती अगदीच निराधार नव्हती. भांडण रंगले ते असे. दोघींचेही अर्धे म्हणणे खरे होते. 1893 साली संघटनेला राजाची सनद मिळाली, पण मोठ्या कंजूषपणाने: सनदेत नोंदवही असा शब्दच आला नाही, नुसती नावांची 'यादी' ठेवण्याची मुभा मिळाली. एका शब्दासाठी दोन्हीकडच्या मंडळींनी केवढी धावपळ केली! त्यानंतर 1902 साली इंग्लंडात सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला, परिचारिका मात्र तशाच राहिल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत, साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये, एलेन डोहर्टी नावाच्या बाईचे नाव सरकारी वहीत चढले. नोंदणीचा स्वतंत्र कायदा करून परिचारिकांची वही उघडणारा तो पहिला देश. इंग्लंडला कायदा करावयास 1919 साल उजाडावे लागले. तोवर नाइटिंगेलबाई 1910 सालीच निवर्तल्या होत्या, महायुद्ध होऊन गेले होते, थोडकेसे शिकलेल्या हजारो स्वयंसेविका वॉर्डांतून वावरून गेल्या होत्या आणि बायकांना मतही मिळाले होते. 1921 साली वही उघडली; पहिला क्रमांक फेनविकबाईंनी स्वतःसाठी घेतला. मला यात थोडा बालिशपणा दिसतो, पण चौतीस वर्षे भांडलेल्या बाईला एवढे चालावे. पहिली सरकारी परीक्षा झाली 1925 साली.

आपल्याकडे हे वारे मद्रासेस 1926 साली आणि मुंबई इलाख्यात 1935 साली कायद्याच्या रूपाने आले. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 च्या अखेरीस, अखिल भारतासाठी नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. इतके सांगून मी अमेरिकेकडे वळतो.

अमेरिकेत 1903 साली उत्तर कॅरोलायनाने नोंदणीचा पहिला कायदा केला आणि मागोमाग इतर राज्यांनी. प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, राज्यांनी मिळून एक सामाईक प्रश्नसंग्रह केला. 1994 पासून ती परीक्षा संगणकावर होऊ लागली. आपल्या कित्येक मुली परदेशच्या नोकरीसाठी हीच परीक्षा देतात. पण ही झाली परिचारिका होण्याची परीक्षा. नर्स प्रॅक्टिशनरची गोष्ट यानंतर सुरू होते.

1965 साल. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड नावाची परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर नावाचा बालरोगतज्ज्ञ यांनी एक प्रयोग आरंभिला. फोर्डबाईंनी खेड्यापाड्यांतून सार्वजनिक आरोग्याचे काम केले होते. डॉक्टर मैलोगणती दूर, आणि पोराला ताप आलेला. अशा वेळी परिचारिका जे करीत असे ते वास्तविक निदानच असे, फक्त त्याला निदान म्हणावयाची सोय नव्हती. त्याच वर्षी वृद्धांच्या आणि गरिबांच्या औषधपाण्याचा भार उचलणारे मेडिकेअर व मेडिकेडचे कायदे अमेरिकेत झाले. दवाखान्याची पायरी चढू शकणारे लोक एकाएकी वाढले, डॉक्टर वाढले नाहीत. फोर्ड आणि सिल्व्हर यांनी अनुभवी परिचारिका निवडल्या, त्यांना विद्यापीठात चार महिने कसून शिकविले आणि मग वस्त्यांवर पाठविले.

डॉक्टरांनी कुरकुर केली, ते अपेक्षितच होते. परंतु परिचारिकांच्या घरातूनही विरोध झाला! न्यूयॉर्क विद्यापीठातील मार्था रॉजर्स या नामांकित विदुषीचे म्हणणे असे की, ही परिचर्येची बढती नव्हे, हा परिचारिकांना फूस लावून डॉक्टरीकडे पळविण्याचा डाव आहे. 1971 साली आयडाहो राज्याने कायद्यात दुरुस्ती करून परिचारिकेला निदान व उपचाराची वाट मोकळी केली. मग कॅनडातील बर्लिंग्टन येथे एक कसोटी झाली. सुमारे दीड हजार कुटुंबे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटली. एका गटाला प्रथम डॉक्टरने पाहावयाचे, दुसऱ्याला नर्स प्रॅक्टिशनरने. 1974 साली निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांचे आरोग्य सारखेच राहिले होते.

मग प्रश्न उरला तो तोच, लंडनमधला. शिक्षणक्रम भराभर निघाले. कोठे काही महिन्यांचे, कोठे दोन वर्षांचे. या बाईला औषध लिहावयाचा अधिकार द्यावा की नाही, हे ठरवावयाचे कोणी? ज्या डॉक्टरच्या हाताखाली ती शिकली त्याने? ते म्हणजे पुन्हा मेट्रनचा तक्ता. राज्याने? राज्याकडे हे ज्ञान नव्हते. शेवटी 1970 नंतरच्या दशकात परिचारिकांच्या व्यवसायसंस्थांनीच परीक्षा घ्यावयास सुरुवात केली. परीक्षा संस्थेची, परवाना राज्याचा. आणि राज्ये हळूहळू संस्थेचे प्रमाणपत्र परवान्यासाठी मागू लागली.

या परीक्षेची तयारी आज कशी होते? उमेदवार आधीच परवानाधारक परिचारिका असते. वर पदव्युत्तर शिक्षण, आणि गुरूच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शेकडो तास. तीन विषय कोणालाच चुकत नाहीत: शरीरात रोग कसा घडतो, औषध कसे चालते आणि रोग्याला तपासावयाचे कसे. कुटुंबाची नर्स प्रॅक्टिशनर व्हावयाचे असेल तर दोन संस्थांपैकी एकीची परीक्षा द्यावी. त्यांतील एकीची परीक्षा बरीच वर्षे अशी आहे: दीडशे प्रश्न, तीन तास. त्यातले पंधरा प्रश्न गुणांत धरले जात नाहीत; ते पुढच्या परीक्षांसाठी पारखून घ्यावयाचे असतात. पण ते कोणते, हे उमेदवाराला सांगत नाहीत. म्हणजे दीडशेही जीव तोडून सोडवावे लागतात. प्रश्न बहुधा माणसाच्या रूपात येतो: अमुक वयाची बाई, इतक्या दिवसांचा खोकला, अमुक गोळ्या चालू आहेत, आता प्रथम काय करावे? चार उत्तरे पुढे असतात आणि दोन तरी बरोबरशी वाटतात. 'प्रथम' या एका शब्दावर सगळे अडलेले असते. नोकरी, संसार, लहान पोरे सांभाळून रात्री जागून अभ्यास करणाऱ्या बायका या. कित्येकींचे वय चाळिशीचे.

प्रश्न कोणत्या विषयावर किती, हेही कोणी प्राध्यापक खोलीत बसून ठरवीत नाही. काम करणाऱ्या शेकडो नर्स प्रॅक्टिशनरांना विचारतात की, तुम्ही रोज काय करता, कोणते रोग पाहता; त्यावरून आराखडा बांधतात. माझ्या मते ही पद्धत फेनविकबाईंच्या परीक्षेपेक्षा नाइटिंगेलबाईंच्या वॉर्डाला अधिक जवळची आहे. विश्वासूपणाचा रकाना मात्र या दीडशे प्रश्नांत कोठेच बसत नाही. तो ओझरता येतो तो त्या शेकडो तासांत, जेव्हा शिकविणारी अनुभवी बाई शेजारी उभी राहून पाहते आणि शेवटी कागदावर सही करते.

आजही अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत अशी परिचारिका डॉक्टरच्या देखरेखीवाचून काम करू शकते. उरलेल्यांत डॉक्टरशी करार लागतो. परीक्षा तीच, बाई तीच, नदी ओलांडली की अधिकार बदलला. आपल्याकडे 2016 च्या सुमारास नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी या नावाचा दोन वर्षांचा शिक्षणक्रम आखला, आणि 2018 साली बाळंतपणासाठी अठरा महिन्यांच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे सरकारने काढली.

नाइटिंगेलबाईंच्या त्या खऱ्या बाणाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची आहे. पाच वर्षांनी पुन्हा हिशेब द्यावा लागतो: इतके तास रोगी पाहिले, इतके तास नवे शिकले. हिशेब पुरा नसेल तर पुन्हा परीक्षेला बसावे. लॉरेटा फोर्ड 2025 च्या जानेवारीत वारल्या, एकशे चार वर्षांच्या होऊन. ज्यांना त्यांनी चार महिन्यांत शिकवून वस्तीवर धाडले होते, त्यांच्या मागून आलेल्या लाखो बायका तोवर हा पाच वर्षांचा हिशेब देऊ लागल्या होत्या.