आजोबांच्या रंध्यातला अर्धा मिलिमीटर

इअरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण राजांचा नाही, सुताराच्या रंध्याचा.

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून मिरजगावला आमच्या घरी गेलो. मोडक्या बैलगाडीची बाभळीची फळी पडून होती, म्हटलं आईसाठी पाट करू. आजोबा सुतार होते. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा लाकडी रंधा माळ्यावरून काढला. मी बीटेक झालेला. दोन पाती, एक पाचर, त्यात काय अवघड?

खोलला, पात्याला धार लावली. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तळ घासला. वरचं बोथट पातं मात्र धारेपासून चांगलं तीन मिलिमीटर मागे घेतलं. वाटलं, ढलप्या अडकणार नाहीत. रंधा फिरवला आणि फळी गुळगुळीत व्हायची सोडून तिची कुसळंच उपटून आली!

मग शोधत बसलो. रंधा किती जुना? इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रोमन रंधे सापडलेत. आपला ‘रंधा’ हा शब्द फारसी ‘रंदा’वरून आला. शतकानुशतकं त्यात एकच पातं असायचं. दुसरं, बोथट पातं आलं अठराव्या शतकात. १७६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका कारागिराने दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात दिली होती.

ते पातं कशासाठी? धारदार पातं लाकडात शिरलं की ढलपी तरफेसारखी उचलली जाते आणि कापण्याआधीच पुढचं लाकूड फाटतं. बाभळीच्या रेषा मध्येच उलट फिरतात, तिथे तर हमखास. बोथट पातं धारेला अगदी चिकटून असेल, तर ढलपी उठल्या उठल्या वाकते आणि फाटणं थांबतं. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कातो आणि कावाई यांनी १९८०च्या दशकात हे कॅमेऱ्याने दाखवलं. अंतर लागतं मिलिमीटरच्या काही दशांशांएवढंच!

हे वाचून मी फोन उघडला. रंधा खोलण्याआधी सहज एक फोटो काढला होता, तो झूम केला. आजोबांचं बोथट पातं धारेपासून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतरावर होतं. गंजलेलं, पण जागचं हललेलं नव्हतं. म्हणजे उत्तर माझ्या हातात होतं आणि मीच ते सरकवलं!

१९१५ साली आलेल्या त्रिं. ना. आत्र्यांच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांचं जग नोंदलेलं आहे. कोण कोणाचं काय काम करतो, त्याला धान्य किती, ते कळतं. पण असलं अर्धा मिलिमीटरचं ज्ञान लिहिणार कोण? ते हातात राहतं, आणि हातांबरोबर जातं. दर सुट्टीत मी आजोबांशेजारी बसायचो, मोबाईल बघत. एकदाही विचारलं नाही.

शेवटी फोटोत बघून पातं परत बसवलं. पात्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी मारली की ते खाली येतं, रंध्याच्या मागच्या टोकावर मारली की वर जातं. तासभर तेवढंच केलं. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघाली. पाट आता देवघरासमोर आहे.

तुमच्याही घरात एखादं जुनं हत्यार असेल. खोलण्याआधी फोटो काढा. आणि ते वापरणारं माणूस असेल, तर आधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. एपिसोड नंतर ऐका, चालेल.