फॉल्स सीलिंगच्या पत्र्यात करंट का उतरतो? वायरिंग करताना घ्यायची काळजी

नवीन फ्लॅट घेतला की हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आणि त्यात एलईडी दिवे आलेच. पण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जिप्सम बोर्डच्या मागे जीआय पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा असतो आणि त्यातूनच वायरी जातात. इथे एक चूक झाली तर हा अख्खा सांगाडा 'लाइव्ह' होऊ शकतो.

वायर कशी सोलली जाते?

कापलेल्या पत्र्याची कड धारदार असते. उघडी वायर तिच्यावरून ओढली की वरचे पीव्हीसी आवरण सोलले जाते. दुसरा धोका स्क्रूचा. साधारण १२.५ मिमी जाडीच्या बोर्डसाठी २५ मिमीचा स्क्रू वापरतात. म्हणजे निम्मा स्क्रू बोर्डच्या मागे निघतो. चॅनेलमध्येच वायर असेल तर तो थेट तिच्यात घुसू शकतो.

एमसीबी का पडत नाही?

एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. सांगाड्याला अर्थिंग नसेल तर करंटला जायला वाट नसते. त्यामुळे दिवे नेहमीसारखे लागतात आणि कुणाला शंकाही येत नाही. पुढे दिवा बदलताना कुणाचा हात चॅनेलला लागला की ती वाट त्या माणसाच्या शरीरातून तयार होते. ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंटही हृदयासाठी घातक ठरू शकतो. ६ अँपिअरच्या एमसीबीसमोर हा आकडा २०० पटींनी लहान आहे.

काय करावे?

• वायर पीव्हीसी कंड्यूट पाइपमधूनच न्यावी. पाइप चॅनेलमध्ये न कोंबता वरच्या स्लॅबला क्लॅम्पने बसवावा.
• पत्र्याच्या भोकातून वायर न्यायचीच असेल तर भोकाला रबरी ग्रोमेट लावावा.
• जोड नुसत्या टेपने गुंडाळू नयेत. ते जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टरने करावेत आणि बॉक्स नंतर उघडता येईल अशा जागी ठेवावा.
• सांगाड्याला हिरव्या वायरने अर्थिंग द्यावे.
• मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. अर्थिंग असेल तर वायर पत्र्याला लागताच तो पडतो. अर्थिंग नसेल तर बहुतेक वेळा कुणाला तरी शॉक बसल्यावरच पडतो. म्हणून दोन्ही हवेत. आरसीसीबी असला तरी एमसीबी लागतोच.

बोर्ड लावण्याआधी

मेन स्विच बंद करून, दिवे आणि उपकरणे सुटी करून वायरमनकडून मेगर टेस्ट करून घ्यावी. वायर आणि अर्थ यांच्यातील रोध किमान १ मेगाओहम यायला हवा. बोर्ड बसवून झाल्यावर हीच टेस्ट पुन्हा करावी, कारण स्क्रू मधल्या काळातच घुसतात. शिवाय सीलिंग बंद होण्याआधी वायरिंगचे फोटो काढून ठेवावेत. पुढे पंखा किंवा झुंबर लावताना ड्रिल कुठे मारायचे नाही, हे त्यावरून कळते.

सीलिंग आधीच झाले असेल तर? आरसीसीबी आताही बसवता येतो. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नये. कुठेतरी करंट गळत असल्याचा तो इशारा असू शकतो.