रायफल अडकली, दोष कोणाचा?

आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले संध्याकाळी जमतात. परवा तिथे वाद रंगला होता, कोणती रायफल जास्त भरवशाची? एकाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. रायफल चिखलात बुडवतात, बाहेर काढतात, चाप ओढतात आणि लगेच निकाल जाहीर. एके-४७ पास, अमेरिकेची एम-१६ नापास! मी एवढेच विचारले की चाचणी घेणारा कोण, त्याने काडतूस कोणते वापरले आणि ती रायफल त्याआधी किती वापरात होती? उत्तर कोणाकडेच नव्हते. म्हणून हा लेख.

मित्रांनो, आधी दोन शब्द वेगळे करावे लागतील. टिकाऊपणा म्हणजे हजारो गोळ्या झाडल्यावरही सुटे भाग न तुटणे, न झिजणे. भरवसा म्हणजे चाप ओढल्यावर प्रत्येक वेळी गोळी सुटणे आणि पुढची गोळी जागेवर येणे. सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत चढवण्याचे काम दारूच्या स्फोटातल्या वायूच्या जोरावर आपोआप होते. त्यामुळे दारू बदलली की रायफलची चाल बदलते. भरवसा एकट्या रायफलचा नसतो. त्यात काडतूस येते, साफसफाईचे साहित्य येते, शिक्षण येते, हवामानही येते.

एम-१६ चा इतिहास या दृष्टीने वाचला पाहिजे. (ही रायफल फुल ऑटोवरही चालते, पण आपला मुद्दा दोन्हीला लागू आहे.) यूजीन स्टोनर यांच्या एआर-१५ या आराखड्यावरून ती बनली. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या काळात तिची मोठी खरेदी सुरू झाली. आराखडा तयार झाला तेव्हा काडतुसात एका प्रकारची दारू होती. लष्कराने घातलेली वेगाची आणि दाबाची मर्यादा मोठ्या उत्पादनात त्या दारूने पाळणे अवघड जाऊ लागले, म्हणून १९६४ मध्ये गोल दाण्यांची 'बॉल पावडर' मंजूर झाली. ही दारू जुन्या मोठ्या काडतुसांत वर्षानुवर्षे वापरली जात होती, म्हणून कागदावर कोणाला खटकले नाही.

या रायफलमध्ये मात्र वायू एका बारीक नळीतून थेट बोल्टच्या भागात येतो. नव्या दारूने काजळी जास्त धरली. वायूचा जोर वाढला आणि फुल ऑटोवर मिनिटाला ८५० गोळ्यांची ठरलेली मर्यादा ओलांडली जाऊ लागली. बोल्ट लवकर उघडू लागला, काडतूस चेंबरमध्ये अजून फुगलेलेच असताना. त्यात व्हिएतनामची दमट हवा. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे गंज चढे आणि काडतूस घट्ट अडके. दुसऱ्या महायुद्धात जपानने आपल्या अनेक रायफलींच्या नळीला आतून क्रोम दिले होते. ती रायफल समोर झेललेल्या देशालाच हे सुचले नाही, याला काय म्हणावे?

आता सर्वांत गंभीर गोष्ट. नव्या दारूवर रायफली स्वीकृती चाचणीत मर्यादेत बसत नाहीत, हे कोल्ट कंपनीच्या लक्षात आले. मग काय झाले? चाचणीपुरती वेगळी दारू वापरण्याची परवानगी कंपनीला मिळाली. कारखान्यात रायफल एका दारूवर पास होत होती आणि जंगलात सैनिकाला दुसरी दारू मिळत होती. कागदोपत्री सगळे ठीकच होते!

सैनिकाच्या हाती काय होते? ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समज पसरला होता. साफसफाईच्या किटचा तुटवडा होता. काडतूस अडकले की जवान नळीच्या तोंडातून सळई घालून ते मागे ठोकून काढत, तेही समोरून गोळीबार चालू असताना.

तक्रारी वाढल्या तेव्हा पहिले उत्तर आले की जवान रायफल साफ करत नाहीत. यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या लढाईत हीच रायफल चांगली चालली, तिथल्या कमांडरनी तिची स्तुती केली. त्या तुकडीचा तिच्यावर आधीपासून सराव होता. देखभालीने फरक पडतोच. पण देखभालीचे साहित्य आणि शिक्षण पुरवायचे काम कोणाचे होते?

आणि दोष ज्यांच्या माथी मारला जात होता, ते कोण होते हेही पाहा. १९६६ पासून मॅकनमारांच्या 'प्रोजेक्ट १,००,०००' खाली पात्रतेचे निकष शिथिल करून तीन लाखांहून अधिक तरुण भरती केले गेले. त्यात सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय होते, बहुतेक गरीब घरांतले, कमी शिकलेले. अशा जवानाला 'निष्काळजी' ठरवणे सोपे असते. तो फाईलवर शेरा मारत नाही.

१९६७ च्या वसंतात एका मरीन जवानाने घरी पत्र लिहिले. मेलेल्या साथीदारांच्या बाजूला उघडून ठेवलेल्या रायफली सापडल्याचे त्यात होते. पत्र वर्तमानपत्रात छापून आले आणि न्यू जर्सीचे खासदार जेम्स हॉवर्ड यांनी ते प्रतिनिधीगृहात मांडले. रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालची उपसमिती चौकशी करतच होती, तिचा अहवाल ऑक्टोबर १९६७ मध्ये आला. काडतुसातले दोष माहीत असूनही ते दूर न करणे हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवरचे वर्तन आहे, असा ठपका समितीने लष्करातील जबाबदार अधिकाऱ्यांवर ठेवला.

मग चेंबरला क्रोम आले. बोल्टचा वेग आवरणारा बफर बदलला. दारूतला काजळी धरणारा घटक कमी केला. किट पोहोचले. १९६८ मध्ये विल आयस्नर यांनी काढलेली चित्रमय पुस्तिका जवानांना वाटण्यात आली, रायफल कशी साफ करावी हे त्यात चित्रांतून समजावले होते. आराखडा मुळातला तोच राहिला. व्हिडिओत नापास ठरलेल्या या रायफलीच्या पुढच्या आवृत्त्या अमेरिकन सैन्याने त्यानंतर अनेक दशके वापरल्या.