पिटा कायदा : ‘सुटका’ तिची आणि कोंडवाडाही तिलाच

बनावट ग्राहक पाठवून लॉजवर छापा, अमुक महिलांची सुटका, दलाल अटकेत. अशा बातम्या आपण सतत वाचतो. गिऱ्हाइकाचे काय झाले, हे त्यात सहसा नसते. सुटका झालेली बाई पुढे वर्षभर कुठे होती, हेही नसते.

भारतात देहविक्रय हा मुळात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, बाईला या धंद्यात आणणे किंवा डांबून ठेवणे, तिच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणाजवळ व्यवसाय करणे आणि गिऱ्हाइकाला खुणावणे. १९५६ साली हा कायदा झाला तेव्हा त्याच्या नावातच ‘स्त्रिया व मुली’ होते. १९८६ च्या दुरुस्तीने ‘व्यक्ती’ हा शब्द आला, ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ असे नाव झाले. लोक त्याला पिटा म्हणतात.

शब्द बदलला, पण भेद कलमांत राहिला. कलम ८ पाहा. खुणावल्याबद्दल पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. हाच गुन्हा पुरुषाने केला तर किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन महिने. कलम १०-अ तर फक्त स्त्रीसाठी आहे. कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या स्त्रीला कैदेऐवजी दोन ते पाच वर्षे सुधारसंस्थेत ठेवता येते. कलम ७ ची मूळ शिक्षा आहे तीन महिन्यांपर्यंत! सुधारणेच्या नावाखाली शिक्षेपेक्षा मोठी कैद, आणि तीही एकाच लिंगाला. याला आम्ही सुधारणा म्हणत नाही.

कलम ७ मध्ये गिऱ्हाईकही आरोपी होऊ शकते. तस्करी झालेल्या व्यक्तीचे जाणूनबुजून लैंगिक शोषण करणाऱ्यास शिक्षा देणारे कलम २०१३ मध्ये दंड संहितेत आले, आज ते भारतीय न्याय संहितेत आहे. पण गिऱ्हाईक जबाब देऊन घरी जाते. दुसरीकडे कलम ४ इतके सैल आहे की आईच्या कमाईवर शिकणारा मुलगा अठरा पूर्ण होताच कागदोपत्री गुन्हेगार ठरू शकतो.

यात जात कुठे येते? मुंबईतील एका छाप्यानंतर तीन सज्ञान मुलींना त्यांच्या इच्छेविरुद्ध वर्षभर वसतिगृहात ठेवण्याचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिला. त्या बेडिया समाजाच्या आहेत आणि त्या समाजात मुलींना या धंद्यात पाठवण्याची प्रथा आहे, याचा उल्लेख त्या आदेशात होता. सत्र न्यायालयानेही आदेश कायम केला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला : देहविक्रय स्वतः गुन्हा नाही, आणि सज्ञान स्त्रीला हवे तिथे राहण्याचा व आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार आहे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्याचा हवाला देऊन छाप्यांचे समर्थन करणारे आपल्यातही आहेत. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ते आवाहन समोर बसवून केलेले होते, पोलिसांची गाडी पाठवून नव्हे. धर्माच्या नावाने मुली सोडणारी जातिव्यवस्था हे त्यांचे लक्ष्य होते.

वस्तीत छापा पडला तर कार्यकर्त्यांनी काय तपासावे? कलम १५ नुसार विशेष पोलीस अधिकाऱ्यासोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात आणि पंचांत किमान एक स्त्री हवी. चौकशी महिला पोलिसानेच करायची. महिला पोलीस नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या स्त्री सदस्यासमोर. चौकशी पूर्ण होईपर्यंतचा ताबा तीन आठवड्यांपेक्षा जास्त नसावा.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असे बजावले. राहण्याचा पुरावा नसला तरी विहित प्रमाणपत्रावर आधार कार्ड देण्याचा आदेशही आहे. सज्ञान स्त्रीला छाप्यात अटक करू नये, या शिफारशीवर मात्र केंद्राने आक्षेप घेतला होता, त्यामुळे ‘आता अटक होतच नाही’ असे कोणाला सांगू नये. अटक झालीच तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागावा. स्त्रीसाठी तिथे उत्पन्नाची अट नाही.